काळ्या गाडीचा रंग खराब होतो कशाने आणि जपायचा कसा

रात्री गाडी एखाद्या दिव्याखाली लावा आणि बोनेटमध्ये त्या दिव्याचं प्रतिबिंब बघा. काळी गाडी नवीकोरी असेल तर आरशात दिसावा तसा दिवा दिसतो, बाकी सगळं गडद काळं. पण तीच गाडी वर्षभर रोज फडक्याने पुसलेली असेल तर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल बारीक रेघांची नक्षी दिसते, आणि तुम्ही दोन पावलं बाजूला सरकलात की ती नक्षीही तुमच्याबरोबर सरकते. याला स्वर्ल मार्क म्हणतात. खूप जणांना वाटतं की कोणीतरी गोल गोल हात फिरवून पुसलंय म्हणून रेघा गोल पडल्यात, पण तसं नसतं. रेघा सगळ्या दिशांना पडलेल्या असतात, आडव्या, उभ्या, तिरक्या, अक्षरशः हजारो, पण त्यातल्या ज्या दिव्याच्या प्रतिबिंबाला आडव्या पडतात तेवढ्याच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात, बाकीच्या त्या क्षणी दिसतच नाहीत, म्हणून वर्तुळ दिसतं. पानं गळलेल्या झाडामागे दिवा असला की फांद्या अशाच दिव्याभोवती गोल फिरल्यासारख्या दिसतात, कधी लक्ष गेलं नसेल तर मुद्दाम बघा.

मी माझ्या पहिल्या काळ्या गाडीवर या रेघा स्वतःच्या हाताने पाडल्या. रोज सकाळी निघायच्या आधी दोन मिनिटं कोरडं मऊ फडकं फिरवायचो, गाडी चकचकीत दिसायची, बरं वाटायचं. सहा महिन्यांनी उन्हात बोनेट बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. त्यानंतर बरीच वर्षं हे नीट समजून घेण्यात गेली, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली की काळ्या गाडीचा रंग धुळीने खराब होत नाही, धूळ काढायच्या पद्धतीने होतो. धूळ नुसती बसलेली असेल तर ती बसलेलीच असते, तिच्यावर आपण हात दाबला की ती घासायला लागते. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, की रंगाला हात किती वेळा लागतो आणि लागतो तेव्हा मधे काय अडकलेलं असतं.

आधी रंग म्हणजे नेमकं काय ते बघू. गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्याला आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग पूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंज रोखणारा थर चढवतात, तो साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेसकोट, जो बऱ्याचदा १५ ते २० मायक्रॉनच असतो, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन. सगळं मिळून कंपनीतून आलेल्या गाडीवर बहुतेक वेळा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला हात लावतो, धुतो, घासतो, पॉलिश करतो तो क्लिअरकोट एका केसापेक्षाही पातळ आहे, आणि तो परत उगवत नाही, जेवढा गेला तेवढा गेला. चमक जी दिसते ती पण याच थराची, काळा रंग त्याच्या खाली मुकाट बसलेला असतो.

जुन्या काळी हा पारदर्शक थर नव्हताच. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, तेव्हा जो रंग दिसायचा तोच वरचा थर असायचा. रंगावर क्लिअरकोट देण्याची पद्धत सगळीकडे पसरली ती १९८० च्या दशकात. त्यामुळे खूप जुनी गाडी पॉलिश करताना फडक्यावर काळा रंग उतरला तर घाबरू नका, तिथे क्लिअरकोट नसू शकतो, पण अलीकडच्या गाडीवर काळं उतरायला लागलं तर मात्र हात तिथेच थांबवा, कारण तुम्ही क्लिअरकोट पार करून रंगापर्यंत पोचलाय.

आता प्रश्न येतो की क्लिअरकोट तर पांढऱ्या गाडीवरही तोच असतो, मग काळ्यावरच का एवढं दिसतं. काळ्या फळ्यावर खडूची रेघ लांबून दिसते, तीच रेघ पांढऱ्या भिंतीवर ओढली तर जवळ जाऊनही शोधावी लागते. इथे अगदी तेच होतं. ओरखड्याच्या कडेवर पडलेला उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि पांढुरका दिसतो. पांढरी गाडी मुळातच सगळा उजेड परत फेकत असते, त्यात हा थोडासा विखुरलेला उजेड हरवून जातो, काळी गाडी जवळपास सगळा उजेड गिळते, त्यामुळे तेवढी एक रेघसुद्धा ठळक उठून दिसते. म्हणजे पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी पडतात असं नाही, ते लपतात. मेटॅलिक काळ्यामधे चमचमणारे कण असतात म्हणून तिथेही थोडेफार लपतात, सगळ्यात अवघड तो साधा सपाट काळा, ज्याच्यात कसलीच चमकी नसते, पण स्वच्छ असताना त्याच्याइतका खोल सुंदर रंग दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे.

काळ्याची दुसरी अडचण म्हणजे ऊन. उजेड गिळतो म्हणजे उष्णताही गिळतो, भर उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बोनेटवर तळहात ठेवून बघा, ठेवता येत नाही. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळतो, पाणी पुसायच्या आधीच उडून जातं आणि मागे डाग राहतात, पक्ष्याची विष्ठा पडली असेल तर ती जास्त वेगाने रंगात मुरते. म्हणून काळी गाडी कायम सावलीत आणि पत्रा गार असताना धुवायची, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि आत्ताच चालवून आणली असेल तर बोनेट गार होईपर्यंत थांबायचं.

धुळीबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यात क्वार्ट्झ असतं, आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर येतं, साध्या लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण. क्लिअरकोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. मग तुमचं फडकं कितीही मऊ असू दे, ते त्या कणाला धरून रंगावर ओढतं आणि कण आपलं काम करतो. मऊ फडक्याने पुसतो हो, मग ओरखडे कसे पडतात, हा प्रश्न मला कायम विचारला जातो त्याचं उत्तर हे आहे. पिसांचा किंवा मेण लावलेल्या धाग्यांचा झाडू असतो ना, तो पण यातच आला, धूळ उचलतो खरा पण त्यातली थोडी घासतच उचलतो आणि मागच्या वेळची धूळ त्याच्या धाग्यांत बसलेली असते ती वेगळीच. काळ्या गाडीवर कोरडं पुसणं एवढी एकच सवय सोडलीत तरी निम्म्याहून जास्त काम झालं असं समजा. धुळीची गाडी दोन दिवस तशीच चालवली तर काही होत नाही.

कव्हरचंही तसंच आहे. गाडी स्वच्छ असेल आणि आडोशाला उभी असेल तर कव्हर चांगलं, पण धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला तर ते कव्हर दिवसभर फडफडत धूळ घासत बसतं, कडांवर आणि आरशांजवळ तर रंग पांढुरका पडलेला मी बघितलाय.

धुवायला लागल्यावर पहिला नियम म्हणजे हात लावायच्या आधी पाण्याने जेवढं जातंय तेवढं जाऊ द्यायचं. आधी चाकं धुवून घ्या, त्यांच्यासाठी बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं, कारण चाकांवर ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण असतात आणि ते जर बोनेटच्या फडक्यात आले तर संपलं. मग पूर्ण गाडीवर वरून खाली भरपूर पाणी मारा. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, फक्त नोझल रुंद फवाऱ्याचं ठेवा आणि फूटभर तरी लांबून मारा, जिथे दगड लागून रंगाचा टवका उडालाय तिथे जवळून मारलं तर टवका मोठा होतो. नंतर फोम. फोम बघायला छान दिसतो म्हणून नाही मारायचा, तो मारून चार पाच मिनिटं ठेवला की चिकटलेली माती ओली होऊन सुटते आणि फेसाबरोबर खाली सरकते, मग परत पाण्याने धुवायचं, फोम वाळू मात्र द्यायचा नाही. फोमची सोय नसेल तर साध्या फवाऱ्याच्या बाटलीने शॅम्पूचं पाणी मारून ठेवलं तरी बरंच काम होतं. इथपर्यंत तुम्ही गाडीला बोटही लावलेलं नाही आणि जाडसर माती निघून गेलेली आहे.

आता हात लावायची वेळ येते, आणि इथे दोन बादल्या लागतात. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा लांब धाग्यांचा हातमोजा घ्यायचा, स्पंज नाही, कारण स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो, कण त्याच्या आणि रंगाच्या मधे अडकून राहतो, हातमोज्याच्या धाग्यांत तो आत ओढला जातो. हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग शॅम्पूत परत न बुडवता आधी साध्या पाण्यात नीट खळखळून घ्या, पिळा, आणि मग शॅम्पूत. म्हणजे घाण साध्या पाण्याच्या बादलीत राहते, शॅम्पू स्वच्छ राहतो. बादलीच्या तळाशी प्लास्टिकची जाळी मिळते ती टाकली तर खाली बसलेली माती ढवळून परत वर येत नाही. वरून सुरुवात करायची, आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि दारांचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथेच असतो. हात सरळ रेषेत, हलका, हातमोज्याचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. नाही निघाला डाग तर जोर लावू नका, परत शॅम्पू टाका आणि थांबा. आणि काहीही खाली जमिनीवर पडलं, हातमोजा असो की फडकं, तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडत नाही.

शॅम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, असं लिहिलेला. भांडी घासायचा साबण एकदा वापरला म्हणून रंग जळत नाही, पण तो तेलकटपणा तोडण्यासाठी बनवलेला असतो आणि वॅक्स, म्हणजे रंगाच्या संरक्षणासाठी वर लावायचं मेण, तेही त्याला तेलकटपणाच वाटतं, लावलेलं संरक्षण तो उतरवत जातो. शिवाय गाडीच्या शॅम्पूत जो निसरडेपणा असतो तो त्यात तसा नसतो, आणि कण रंगावरून घसरत जायला तोच निसरडेपणा लागतो.

ब्रश फिरवणाऱ्या ऑटोमॅटिक वॉशमधे काळी गाडी नेऊ नका. तुमच्या आधी तिथे कोणाची चिखलाने माखलेली गाडी धुतली गेलीय हे तुम्हाला माहीत नसतं आणि तीच माती ब्रशवरून तुमच्या गाडीवर येते. बाहेर धुवायला द्यायचीच असेल तर फक्त पाणी आणि फोम मारून घ्या, पुसू नका असं सांगा, थोडे डाग राहिले तरी चालतील. मी एकदा सांगायला विसरलो, त्यांनी दारं पुसलेलं फडकं बोनेटवर फिरवलं, आणि ते ओरखडे काढायला मला पूर्ण एक रविवार लागला.

पुसणं हा धुण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे, पण लोक तो घाईत उरकतात. आधी पाईपचं नोझल काढून टाका आणि पाण्याची संथ धार वरून सोडा, पाणी चादरीसारखं एकसंध खाली वाहत जातं आणि जाताना बरेचसे थेंब ओढून नेतं, पुसायला फार थोडं उरतं. मग मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पूर्ण उघडून बोनेटवर पसरायचा, वरून हाताने हलकं थोपटायचं किंवा दोन्ही टोकं धरून सावकाश स्वतःकडे ओढायचा. घासायची गरज पडत नाही. हवेचा ब्लोअर असेल तर सगळ्यात छान, आरशांच्या खाली, दारांच्या फटीत, नंबरप्लेटमागे, दिव्यांच्या कडेला पाणी लपून बसतं ते पुसून निघत नाही, गाडी हलली की ओघळतं आणि काळ्यावर त्याची पांढरी रेघ वाळते, ब्लोअरने तेवढं निघून जातं, आणि हवा रंगाला ओरखडा पाडत नाही.

आता पाण्याच्या डागांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण काळ्या गाडीवाल्यांची यात सगळ्यात जास्त फसगत होते. जड पाण्यात, मुख्यतः जमिनीतून उपसलेल्या पाण्यात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब वाळतो तेव्हा उडून जातं ते पाणी, क्षार जागेवरच राहतात, आणि थेंब कडेने वाळत जातो म्हणून पांढरी गोल रिंग दिसते. ताजी असताना ही नुसती वर बसलेली असते, पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून त्यात फडकं भिजवून मिनिटभर ठेवलं की क्षार विरघळतात, मग भरपूर पाण्याने धुवून टाकायचं. पण तीच रिंग दिवसेंदिवस उन्हात भाजत राहिली तर ती क्लिअरकोटला खात आत जाते आणि खड्डा पडतो, मग वरचं सगळं काढलं तरी ठसा राहतो, तो फक्त पॉलिशने जातो, खोल असेल तर तेव्हाही नाही जात. थेंब भिंगासारखं काम करून ऊन एकवटतो आणि रंग जाळतो असं नेहमी ऐकायला मिळतं. पण पत्र्यावर चिकटलेल्या थेंबातून उजेड एकवटतो तो बिंदू पत्र्याच्या पार खाली जातो, रंगावर येत नाही. खरा त्रास क्षारांचाच आहे. म्हणून शेवटचं धुणं क्षार काढलेल्या पाण्याने करता आलं तर करा, नाही आलं तर एक एक भाग लगेच पुसत चला, आणि बागेतल्या फवाऱ्याचं पाणी जिथे उडतं तिथे गाडी अजिबात लावू नका.

पक्ष्यांची विष्ठा आणि चिरडलेले किडे यांना दिवस नाही, तास मोजायचे. विष्ठा आम्लधर्मी असते, आणि गरम क्लिअरकोट थोडा मऊ पडलेला असतो, त्यामुळे उन्हाच्या दिवसात काही तासांत ठसा उमटू शकतो. गाडीत पाण्याची एक बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. दिसली की फडकं ओलं करून तिच्यावर ठेवायचं, दोन चार मिनिटं तसंच राहू द्यायचं, आतून ओली झाली की वरच्या वर उचलून घ्यायची. वाळलेली खरवडायची नाही, पक्ष्यांनी खाल्लेल्या दाण्यांबरोबर खडेही त्यात असतात.

धुवून झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हाताला घालून बोटं रंगावर हलकी फिरवून बघा. पिशवीमुळे बारीक खरखर लगेच कळते. गुळगुळीत दिसणाऱ्या बोनेटवर असं खरखरीत लागलं तर रंगात काहीतरी रुतलंय, बहुतेक वेळा लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक नाहीतर दुसऱ्या कसल्या रंगाचे उडालेले थेंब. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, मारल्यावर कणांपाशी जांभळे ओघळ यायला लागतात, ती त्याची लोखंडाशी होणारी रासायनिक क्रिया आहे, वास मात्र वाईट असतो. डांबराला टार रिमूव्हर. त्यातूनही जे राहतं ते क्ले बारने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढायचं, भरपूर निसरडं शॅम्पूचं पाणी मारून, अगदी हलक्या हाताने, आणि तुकडा सारखा मळून नवी बाजू वर आणत. पण काळ्या गाडीला क्लेचा मोह आवरा, कारण क्ले कितीही काळजीने केला तरी काळ्यावर बारीक धूसर रेघा सोडतोच, म्हणून ज्या दिवशी नंतर पॉलिश करायचंय त्याच दिवशी क्ले करायचा, दर महिन्याला उगाच नाही.

पॉलिशबद्दल बोलायचं तर लोक पॉलिश आणि वॅक्स एकच समजतात. पॉलिश हा बारीक घासणारा पदार्थ आहे, तो ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट खाली आणतो, पातळी सारखी झाली की उजेड विखुरायला कड उरत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. म्हणजे प्रत्येक पॉलिशमागे थोडे मायक्रॉन कायमचे जातात. दरवर्षी मशीन पॉलिश करून घेणारे लोक म्हणूनच मला अस्वस्थ करतात, आणि धुण्याची पद्धत न बदलता पॉलिश केलं तर दोन महिन्यांत गाडी परत तशीच होते, थर मात्र आणखी पातळ. आधी धुणं सुधारा, मग एकदाच नीट पॉलिश करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवून बघा, नख अडकत असेल तर तो बहुतेक पॉलिशने पूर्ण जाणार नाही, आणि त्याला घालवायच्या नादात क्लिअरकोट संपवू नका, थोडा मवाळ झाला की सोडून द्या.

मशीन वापरणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शनचं घ्या, ते फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात काळ्या गाडीवर होलोग्रॅम सोडतं, म्हणजे उन्हात गाडी फिरवली की तिच्यावर पंख्यासारखे पट्टे सरकताना दिसतात. आधी छोट्या भागावर सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश वापरून बघायचं, तेवढ्याने काम झालं तर पुढे जायचंच नाही. कडांवर आणि पत्र्याच्या उठलेल्या रेषांवर थर पातळ असतो, तिथे टेप लावून ठेवा. दुसऱ्याकडून करून घेत असाल तर थराची जाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे का ते विचारा, आणि काम झाल्यावर एका भागावर पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून मग दिव्याखाली बघा, कारण काही पॉलिशमधे तेल आणि भरणारे पदार्थ असतात, ओरखडे नुसते झाकले जातात आणि चार वेळा धुतल्यावर परत वर येतात.

संरक्षणाचे प्रकार खूप आहेत पण ते नेमकं कशापासून संरक्षण देतात हे कोणी नीट सांगत नाही. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, काळ्यावर त्याची चमक ऊबदार आणि खोल दिसते, मला अजूनही आवडते, पण ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं आणि टिकतं काही आठवडे, फार तर दोन तीन महिने. सिंथेटिक सीलंट त्यापेक्षा जास्त महिने टिकतं, लावायला सोपं. सिरॅमिक कोटिंग रंगाला रासायनिकरीत्या धरून बसतं आणि चांगल्या तयारीवर लावलं तर काही वर्षं जातं, पाणी आणि घाण चटकन सुटते त्यामुळे धुताना हात कमी लावावा लागतो, आणि त्याचा खरा फायदा तोच आहे. पण त्याची जाडी सहसा एखाद दुसऱ्या मायक्रॉनची असते, त्याच्याकडून दगड किंवा किल्लीचा ओरखडा अडवायची अपेक्षा करू नका. ९एच म्हणून जे सांगतात तो पेन्सिलच्या कठीणपणाचा मापदंड आहे, मोह्सचा नाही, त्यामुळे हिऱ्याच्या जवळ जाणारं वगैरे काही नसतं, क्वार्ट्झचा कण त्यालाही ओरखडतो. पाण्याचे डागही पडतातच. आणि कोटिंगखाली जे आहे ते जसंच्या तसं बंद होतं, म्हणून ओरखडे आधी काढायचे, मग कोटिंग.

दगडांपासून खरंच वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगाच्या थरांपेक्षाही जाड. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. महाग पडते, म्हणून पूर्ण गाडीला न लावता बोनेट, पुढचा बंपर आणि आरशांना लावली तरी जिथे मार बसतो तो भाग झाकला जातो.

मॅट काळी गाडी असेल तर वरचं पॉलिश आणि वॅक्सचं सगळं विसरा. मॅटचा क्लिअरकोट मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, तो घासला की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो काढता येत नाही. तिथे फक्त मॅटसाठीचा शॅम्पू आणि मॅटसाठीचं कोटिंग.

पाणी कमी असेल किंवा पाईप लावायची सोयच नसेल तर रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार बघा. बादलीभर पाण्यात थोडंसं द्रव्य, काही ब्रँडचं प्रमाण तर १ ला २५६ इतकं पातळ असतं, त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती निसरडं आवरण करतात. आठ दहा मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवायचे, प्रत्येकाची चौघडी करायची, आधी त्याच पाण्याचा फवारा मारायचा, मग एका बाजूने एकदाच सरळ पुसायचं, बाजू बदलायची, सगळ्या बाजू संपल्या की नवीन फडकं, वापरलेलं बादलीत परत घालायचं नाही. साध्या धुळीला हे फार चांगलं चालतं आणि माझी आठवड्याची धुलाई आता बहुतेक अशीच होते. चिखल असेल तर मात्र नको, तेव्हा आधी पाणी मारल्याशिवाय इलाज नाही.

आणि ही सगळी फडकी धुवायची कशी तेही सांगतो, कारण चांगली फडकी घेऊन लोक ती घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावतात. मायक्रोफायबर सुती कपड्यांचे तंतू पकडून ठेवतं, म्हणून वेगळं धुवायचं, कोमट पाणी, साधं द्रवरूप डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, तो धाग्यांवर थर देतो आणि मग फडकं पाणी शोषायचं सोडून पसरवत बसतं. चाकांची, काचांची आणि बॉडीची फडकी वेगवेगळ्या रंगांची ठेवा, एकात एक धुवू नका. नवीन फडक्याच्या कडेला शिवलेलं लेबल असतं ते आधी काढून टाका, काळ्या क्लिअरकोटवर त्या लेबलचीही रेघ उठते. वाळल्यावर लगेच झाकणाच्या डब्यात ठेवायची, उघड्यावर ठेवलेल्या फडक्यावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तीच धूळ तुम्ही बोनेटवर घेऊन जाता.